ट्रिगर थंबचं कोडिंग: एम६५.३११ टाकायच्या आधी नोट नीट वाचा

आमच्या आईचा उजवा अंगठा एकदा सकाळी उठल्यावर वाकलेलाच राहिला. सरळ करायला गेली की खट्कन आवाज आणि मनगटापर्यंत कळ, आणि ती म्हणत होती अगं कणीक मळताना शीर चढली असेल, तेल लावते, होईल बरं. मी तिचा अंगठा हातात घेतला आणि तळव्याकडच्या बाजूला, जिथे अंगठा सुरू होतो तिथे जी घडी असते ना, बरोबर त्या घडीवर बोट ठेवून तिला म्हटलं आता हळूहळू वाकव आणि सरळ कर. माझ्या बोटाखालून ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ सरकली, अडकली, आणि मग टक्कन सुटली. तोपर्यंत मी हा आजार, ट्रिगर थंब, शेकडो वेळा कोड केला होता पण हाताला कधी लागला नव्हता, आणि खरं सांगते त्या दिवसानंतर माझं कोडिंग बदललं, कारण नोटमधला प्रत्येक शब्द मला दिसायला लागला.

म्हणून हे लिहितेय, मुख्यतः पुण्या-मुंबई-नागपुरात बसून अमेरिकेच्या ऑर्थो क्लिनिकचे चार्ट कोड करणाऱ्या, म्हणजे डॉक्टरची नोट वाचून इन्शुरन्स क्लेमसाठी आजाराला आणि उपचाराला ठरलेले कोड देणाऱ्या, नवीन मुलामुलींसाठी, आणि शेवटी थोडं आपल्याकडच्या हॉस्पिटलच्या क्लेम डेस्कवर बसणाऱ्यांसाठी. एक गोष्ट आधीच सांगते, इथे कोड देवनागरीत लिहिलेत, सॉफ्टवेअरमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे टाकायचे.

आधी आजार समजून घ्या, दोन मिनिटं लागतात. अंगठ्याचं टोक वाकवणारा स्नायू म्हणजे फ्लेक्सर पॉलिसिस लाँगस, त्याची कंडरा म्हणजे टेंडन एका नळीतून जातं आणि त्या नळीवर जागोजागी पट्ट्यासारख्या पुली असतात. सायकलच्या ब्रेकची वायर कशी काळ्या नळीतून जाते आणि नळीचं तोंड चेपलं की वायर अडकते, तस्संच. पहिली पुली, ए-वन, ती जाड होते, टेंडनवर गाठ येते, आणि मग गाठ पुलीखालून जाताना अडकते. म्हणून ऑप नोटमध्ये, म्हणजे ऑपरेशनच्या नोंदीत, तुम्हाला ए-वन पुली रिलीज (पुली कापून मोकळी करणं), टेंडर नोड्यूल (दुखरी गाठ), लॉकिंग, क्लिकिंग, ट्रिगरिंग हे शब्द सारखे दिसतात. लहान मुलांच्या नोटमध्ये नॉट्टाज नोड असंही दिसेल, १८५० मध्ये नॉट्टा नावाच्या फ्रेंच सर्जनने या गाठीचं वर्णन केलं म्हणून ते नाव, घाबरून जाऊ नका, तीच गाठ.

दुखण्याचं मूळ टेंडनच्या नळीत आहे, सांध्यात नाही आणि हाडात नाही, हे डोक्यात पक्कं बसलं की कोड कुठल्या घरात असणार हेही कळतं. आयसीडी-१०-सीएम म्हणजे आजारांच्या कोडची अमेरिकेतली यादी, तिच्या १३व्या चॅप्टरमध्ये, म्हणजे हाडं-स्नायूंच्या, एम६५ ते एम६७ हा सायनोव्हियम (सांध्याचं आणि टेंडनच्या नळीचं अस्तर) आणि टेंडनच्या आजारांचा ब्लॉक, त्यात एम६५.३ म्हणजे ट्रिगर फिंगर. जुन्या लोकांना आठवत असेल, १ ऑक्टोबर २०१५ च्या आधी आयसीडी-९ मध्ये एकच कोड होता, ७२७.०३, कुठलंही बोट असो कुठलाही हात असो, तोच. आता त्या एका कोडची १६ पिल्लं झालीत आणि सगळा गोंधळ तिथेच होतो.

कोड शोधायचा कसा

इंडेक्समध्ये, म्हणजे आजारांच्या नावांच्या सूचीत, ट्रिगर फिंगरच्या नोंदीवर जायचं. तिथे बोटांप्रमाणे वाटा फुटतात, अंगठ्याला एम६५.३१ आणि पुढे डॅश. डॅश दिसला म्हणजे काम संपलेलं नाही, टॅब्युलरमध्ये, म्हणजे कोडच्या क्रमाने लावलेल्या मुख्य यादीत, जाऊन सहावा कॅरॅक्टर घ्यायचाच. एम६५.३११ उजवा अंगठा, एम६५.३१२ डावा अंगठा, एम६५.३१९ अंगठा पण कुठला माहीत नाही. बस, अंगठ्याचे इतकेच. बाकी बोटांचा क्रमही सोपा आहे, पाचवा आकडा बोट सांगतो, १ अंगठा २ तर्जनी ३ मधलं ४ अनामिका ५ करंगळी, आणि सहावा आकडा बाजू, १ उजवी २ डावी ९ माहीत नाही. म्हणजे एम६५.३४२ म्हटलं की डोळे मिटून डावी अनामिका. आणि एम६५.३० म्हणजे ट्रिगर फिंगर पण बोटच माहीत नाही, हा कोड अंगठ्याच्या चार्टवर कधीच यायला नको, कारण अंगठा लिहिला असेल तर बोट माहीत आहे ना.

दोन चुका नवीन लोक हमखास करतात. एक, एम६५.३१ वर थांबतात, तो पाच कॅरॅक्टरचा कोड बिलिंगला चालत नाही, पुढे जायचंच. दोन, सवयीने शेवटी ए लावतात, एम६५.३११ए, कारण आदल्या दिवशी दिवसभर फ्रॅक्चर कोड केलेले असतात. सातवा कॅरॅक्टर इंज्युरीच्या कोडना लागतो, इथे नाही. हा आजार आहे, जखम नाही. हां, सुरीने टेंडन कापलं गेलं असेल तर ती वेगळी गोष्ट, एम६५ च्या खाली एक्सक्लूड्स-वनमध्ये, म्हणजे या कोडसोबत काय टाकायचं नाही त्या टीपेत, लिहिलंच आहे की ताजी इंज्युरी असेल तर इंज्युरीच्या कोडकडे जा.

दोन्ही अंगठे असतील तर

बायलॅटरल ट्रिगर थंबला वेगळा कोड नाही. दोन्ही टाकायचे, एम६५.३११ आणि एम६५.३१२. इतकं साधं आहे पण लोक अडतात कारण शेजारचे आजार वेगळं वागतात. कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दबण्याचा आजार, बघा, जी५६.०१ उजवा, जी५६.०२ डावा, आणि जी५६.०३ चक्क बायलॅटरल, तिथे दोन वेगळे कोड टाकले तर चूक. अंगठ्याच्या बुडाच्या सांध्याचा संधिवात, त्यातला प्रायमरी ऑस्टिओआर्थ्रायटिस घ्या, तिथेही एम१८.० दोन्ही बाजूंचा, एम१८.११ उजवा, एम१८.१२ डावा. आणि डी क्वेर्व्हेन, म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या मनगटातल्या टेंडनच्या नळीचा आजार, जो ट्रिगर थंबचा सख्खा शेजारी, तो एम६५.४, त्याला बाजूच नाही, उजवा डावा दोन्ही एकच कोड. एकाच हाताच्या चार आजारांत बाजू सांगायच्या तीन तऱ्हा, म्हणून पाठांतरावर विसंबू नका, प्रत्येक वेळी टॅब्युलर उघडा, मी आजही उघडते.

बाजू लिहिलीच नसेल तर

एम६५.३१९ हा कोड अस्तित्वात आहे म्हणून वापरायचा असं नाही. गाइडलाइनच सांगते की अनस्पेसिफाइड साइड क्वचितच वापरावी. आधी पूर्ण एन्काउंटर, म्हणजे त्या भेटीची सगळी नोंद, वाचा, डॉक्टरच्या असेसमेंटमध्ये नुसतं ट्रिगर थंब असतं पण फिजिकल एक्झाममध्ये राइट थंब ए-वन पुली टेंडर असं स्पष्ट असतं. नर्सच्या नोंदीत असतं, थेरपिस्टच्या नोंदीत असतं, आणि डॉक्टरने बाजू लिहिली नसेल तर बाजूपुरतं दुसऱ्या क्लिनिशियनच्या नोंदीवरून कोड करायला गाइडलाइन परवानगी देते. पण एका ठिकाणी उजवा आणि दुसऱ्या ठिकाणी डावा असेल तर स्वतः ठरवायचं नाही, क्वेरी पाठवायची, म्हणजे डॉक्टरलाच विचारायचं. टॅट, म्हणजे चार्ट संपवायची मुदत, संपत आला, टार्गेट बाकी आहे, टीम लीड मागे लागलाय, सगळं मान्य, तरी क्वेरी पाठवायची. कारण ती बाजू त्या माणसाच्या रेकॉर्डमध्ये कायमची बसते आणि उद्या दुसऱ्या अंगठ्याला त्रास झाला की इन्शुरन्सवाला म्हणणार याच अंगठ्याचं तर आधी झालंय.

बोटांची नावं, इथे खरा खड्डा आहे

अमेरिकन डॉक्टर डिक्टेट करताना कधी थंब म्हणतो, कधी फर्स्ट डिजिट म्हणतो, दोन्ही म्हणजे अंगठाच. पण फर्स्ट फिंगर म्हटलं तर? बरेच जण तर्जनी म्हणतात कारण त्यांच्या हिशोबात अंगठा फिंगरमध्ये मोजत नाहीत. लाँग फिंगर म्हणजे मधलं बोट. आणि कधी कधी ट्रिगर फिंगर, राइट थंब असं लिहितात, तिथे फिंगर शब्द बघून एम६५.३२१ टाकणारे मी पाहिलेत, ते तर्जनीचं आहे, अंगठा लिहिलाय तर एम६५.३११ च. फर्स्ट फिंगर असं मोघम असेल आणि बाकी नोटमध्ये कुठे उलगडा होत नसेल तर परत तेच, क्वेरी.

आता मॉडिफायर, म्हणजे उपचाराच्या कोडला मागे जोडायची छोटी खूण. हाताच्या बोटांचे मॉडिफायर एफ ने सुरू होतात. डावा अंगठा एफए, डाव्या हाताची पुढची चार बोटं एफ१ ते एफ४, उजवा अंगठा एफ५, आणि उजव्या हाताची पुढची चार एफ६ ते एफ९. म्हणजे एफ१ हा अंगठा नाही, डावी तर्जनी आहे. आणि एफ५ करंगळी नाही, उजवा अंगठा आहे.

हे मी इतकं ठासून सांगतेय कारण माझ्या पहिल्या वर्षात मी हीच चूक केली. डाव्या अंगठ्याची सर्जरी, डायग्नोसिस एम६५.३१२ बरोबर टाकला, आणि मॉडिफायर लावला एफ५. क्लेम परत आला. दुरुस्त करून पाठवला, पैसे आले, ऑडिटमध्ये एक एरर लागला, इथपर्यंत ठीक. पण चार महिन्यांनी त्याच बाईंचा उजवा अंगठा अडकायला लागला आणि त्या सर्जरीच्या ऑथरायझेशनला, म्हणजे इन्शुरन्सच्या आगाऊ मंजुरीला, त्यांना थांबावं लागलं कारण पेयरच्या (इन्शुरन्स कंपनीच्या) सिस्टिममध्ये कुठेतरी उजव्या अंगठ्याची नोंद राहून गेली होती. अंगठा अडकलेला असताना शर्टाचं बटण लावता येत नाही, किल्ली फिरवता येत नाही, आणि माझ्या एका आकड्यामुळे कुणाला ते आणखी काही आठवडे सोसावं लागलं हे मला आजही लागतं. तेव्हापासून क्लेम पुढे ढकलायच्या आधी मी तीन गोष्टी एकाखाली एक वाचते, नोटमधली बाजू, कोडचा सहावा आकडा, मॉडिफायर. तिन्ही एकच बाजू बोलत असतील तरच पुढे. मनात स्वतःचा हात समोर धरून बघायचा, मी तर खरंच धरते.

लहान मुलाचा अंगठा

हा भाग सगळ्यात जास्त चुकतो म्हणून जरा थांबून वाचा. दोन वर्षांचं मूल, आईला अचानक दिसतं की अंगठ्याचं टोक सरळ होत नाही, बऱ्याचदा क्लिक वगैरे काही नसतं, नुसता वाकलेला अंगठा. पूर्वी याला जन्मजातच म्हणायचे, म्हणून अजूनही कंजेनिटल ट्रिगर थंब हा शब्द चालतो, आणि इंडेक्समध्ये ट्रिगर फिंगर, कंजेनिटल म्हटलं की क्यू७४.० कडे पाठवतात, म्हणजे वरच्या अवयवाच्या इतर जन्मजात विकृती. पण नवजात बाळांचे अंगठे तपासून पाहिले गेले तेव्हा जन्मतः असं अडकणं जवळपास सापडलंच नाही, ते नंतर, बहुतेक वेळा १ ते ३ वर्षांच्या दरम्यान दिसायला लागतं. म्हणून आजचे हँड सर्जन पीडियाट्रिक ट्रिगर थंब असं लिहितात.

मग कोडरने काय करायचं? वय बघून क्यू७४.० टाकायचा नाही. डॉक्टरने कंजेनिटल लिहिलं तर क्यू७४.०, नुसतं पीडियाट्रिक ट्रिगर थंब किंवा ट्रिगर थंब लिहिलं तर एम६५.३१ चं कुटुंब, बाजूसकट. पीडियाट्रिक म्हणजे जन्मजात नाही, पीडियाट्रिक म्हणजे फक्त लहान मुलाचा. नोटमध्ये एका ओळीत कंजेनिटल आणि दुसरीकडे आई म्हणते अठराव्या महिन्यात लक्षात आलं असं असेल, तर एवढ्याने तुम्ही डॉक्टरचं डायग्नोसिस खोडू शकत नाही, नंतर लक्षात आलं म्हणजे नंतर झालं असं नसतं, फार तर विचारा. आणि लक्षात ठेवा क्यू७४.० ला बाजू नाही, त्यामुळे तिथे मॉडिफायरवरच सगळी भिस्त.

एक नमुना चार्ट

हा माझ्या मनाने बनवलेला आहे, खऱ्या पेशंटचा नाही. पेशंट ५८ वर्षांच्या बाई, उजवा अंगठा चार महिन्यांपासून सकाळी लॉक होतो, एक स्टेरॉइड इंजेक्शन झालं, दोन महिने बरं वाटलं, परत सुरू. एक्झाममध्ये ए-वन पुलीवर टेंडर नोड्यूल, अ‍ॅक्टिव्ह ट्रिगरिंग. टाइप टू डायबेटिस, मेटफॉर्मिन चालू. अंगठा दुखतो अशी तक्रार. असेसमेंट: ट्रिगर थंब. प्लॅन: ए-वन पुली रिलीज.

पहिला कोड एम६५.३११. अंगठा दुखतो म्हणून एम७९.६४४, म्हणजे उजव्या बोटातलं दुखणं, तो टाकायचा का? नाही, दुखणं या आजाराचाच भाग आहे, पक्कं डायग्नोसिस मिळाल्यावर लक्षण वेगळं कोड करत नाहीत. तो कोड तेव्हा वापरायचा जेव्हा डॉक्टर म्हणतो पॉसिबल ट्रिगर थंब, किंवा रूल आउट ट्रिगर थंब. आउटपेशंटमध्ये संशय कोड होत नाही, लक्षणच कोड होतं, हे आपण क्लासमध्ये पाठ करतो आणि फ्लोअरवर आलो की विसरतो.

मग डायबेटिस. शुगर असलेल्यांना ट्रिगर फिंगर जास्त होतं हे वैद्यकीयदृष्ट्या खरंय, आणि ते माहीत असल्यामुळेच कोडरचा हात ई११.६९ कडे, म्हणजे टाइप टू डायबेटिसच्या इतर कॉम्प्लिकेशनच्या कोडकडे, जातो. थांबा. विथ हा शब्द इंडेक्समध्ये ज्या ठरावीक आजारांपुरता आहे तिथेच संबंध गृहीत धरायचा असतो, ट्रिगर फिंगर डायबेटिसच्या त्या यादीत नाही. आर्थ्रोपथी (सांध्याचा आजार) त्या यादीत आहे म्हणून ई११.६१८ लावणारेही भेटतात, पण ट्रिगर थंब सांध्याचा आजार नाही हे आपण वर पाहिलं. इथे डॉक्टरने नातं जोडलेलं नाही, म्हणून ई११.९, म्हणजे कॉम्प्लिकेशन नसलेला टाइप टू डायबेटिस, आणि गोळ्या चालू आहेत म्हणून झेड७९.८४. डॉक्टरने स्वतः लिहिलं असतं की ट्रिगर थंब ड्यू टू डायबेटिस, तर मग ई११.६९ आणि सोबत एम६५.३११, कारण ई११.६९ च्या खाली सूचनाच आहे की कॉम्प्लिकेशन कुठलं ते अजून एका कोडने सांगा.

काही डॉक्टर ट्रिगरिंगची ग्रेड लिहितात, एक ते चार. डायग्नोसिस कोड त्याने बदलत नाही. पण ती ओळ आणि आधीच्या इंजेक्शनची तारीख ऑथरायझेशनच्या कागदात गेलीच पाहिजे, मेडिकल नेसेसिटी म्हणून बघणारा माणूस तेवढंच शोधत असतो.

प्रोसिजरशी जोडणी

डायग्नोसिस कोड एकटा कधी जात नाही, तो सीपीटीशी, म्हणजे उपचाराच्या कोडशी, जुळला पाहिजे. सर्जरी म्हणजे २६०५५, टेंडनच्या नळीला छेद, आपल्या नमुन्यात २६०५५-एफ५. इंजेक्शन म्हणजे २०५५०, एका टेंडन शीथसाठी, त्याच शीथमध्ये दोनदा टोचलं तरी एकदाच. बरेच नवीन लोक २०५५१ टाकतात, तो टेंडन हाडाला जिथे चिकटतं त्या जागेसाठी आहे, ट्रिगर थंबमध्ये औषध नळीत जातं म्हणून २०५५०. अल्ट्रासाउंड बघून टोचलं असेल तर ७६९४२, पण इमेज सेव्ह केल्याची नोंद हवी, नुसतं अंडर अल्ट्रासाउंड गायडन्स एवढ्यावर ऑडिटर ऐकत नाही.

औषधाचे युनिट नीट मोजा. ट्रायअ‍ॅमसिनोलोन जे३३०१ दर १० मिलिग्रॅमला एक युनिट, म्हणजे २० मिलिग्रॅम दिलं तर २. मिथाइलप्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेटला आधी ४० मिलिग्रॅमचा जे१०३० होता, तो गेला, १ एप्रिल २०२४ पासून जे१०१०, दर १ मिलिग्रॅमला एक युनिट, म्हणजे ४० मिलिग्रॅमला ४० युनिट. जुन्या सवयीने १ युनिट टाकलं तर क्लिनिकला अगदीच चिल्लर मिळते. लिडोकेन वेगळं बिल करायचं नाही.

इंजेक्शनच्या दिवशीच्या व्हिजिटला २५ मॉडिफायर, म्हणजे तपासणी इंजेक्शनपेक्षा वेगळी होती ही खूण, सरसकट लावू नका. टोचायचं ठरवणं हे टोचण्यातच धरलेलं असतं. पेशंट नवीन आहे, डॉक्टरने मान, मनगट, दुसरा हात असं सगळं वेगळं तपासून काही वेगळं ठरवलं, तर लावा, आणि ते नोटमध्ये दिसलं पाहिजे. सर्जरीचा निर्णय आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशीच्या व्हिजिटमध्ये झाला तर मॉडिफायर ५७, कारण २६०५५ ला ९० दिवसांचा ग्लोबल आहे, म्हणजे तेवढ्या दिवसांची नेहमीची देखभाल सर्जरीच्याच पैशात धरलेली असते.

हा ९० दिवसांचा मामला पुढेही नडतो. उजवा अंगठा केला आणि दोन महिन्यांत डावा केला, तर दुसऱ्याला मॉडिफायर ७९ लागतो, म्हणजे आधीच्या सर्जरीशी याचा संबंध नाही, आणि डायग्नोसिस एम६५.३१२, जुना ३११ कॉपी-पेस्ट झालेला नको. कॉम्प्लिकेशनसाठी परत ओटीत नेलं तर ७८. ग्लोबलमधल्या साध्या फॉलोअपला ९९०२४, त्याचे पैसे नाहीत, पण नोंद हवी. त्या व्हिजिटला एम६५.३११ परत टाकायचा मोह होतो, पण पुली कापली, आजार गेला, आता टाके काढायला आलाय तर झेड४८.०२, नुसतं बघायला आलाय तर झेड४७.८९. नंतर थेरपीला गेला आणि हात आखडलेला आहे असं लिहिलं असेल तर एम२५.६४१ उजव्या हाताचा आखडलेपणा, तो सोबत येतो.

फॉर्मवर

सीएमएस-१५०० या अमेरिकेतल्या क्लेम फॉर्मवर बॉक्स २१ मध्ये डायग्नोसिस, १२ पर्यंत जागा आहे, ए ते एल, आणि तिथे दशांशाचा पॉइंट टाकायचा नाही, म्हणजे एम६५३११ सलग. वर आयसीडी इंडिकेटरला ०. मग बॉक्स २४ई मध्ये पॉइंटर, म्हणजे कुठली प्रोसिजर कुठल्या डायग्नोसिससाठी ते दाखवणारं अक्षर, एका ओळीला जास्तीत जास्त ४. इथे माझा आग्रह आहे की ए-बी-सी-डी सगळं सगळ्यांना लावायची सवय सोडा. ट्रिगर थंब आणि कार्पल टनेल एकाच दिवशी एकाच हाताला केलं, हे खूप वेळा होतं, तर २६०५५-एफ५ ची ओळ एम६५.३११ कडे आणि ६४७२१-आरटीची (उजव्या कार्पल टनेलच्या सर्जरीची) ओळ जी५६.०१ कडेच दाखवली पाहिजे, आणि दोन्ही कोड एकत्र चालतात का ते त्या तिमाहीच्या एनसीसीआय एडिटमध्ये, म्हणजे कुठले कोड एकत्र बिल होत नाहीत त्या यादीत, बघून घ्या.

डिनायल आलंच, म्हणजे क्लेम नाकारला गेलाच, तर त्यावरचा कारणाचा आकडा वाचा. सीओ-११ म्हणजे डायग्नोसिस प्रोसिजरशी जुळत नाही, बहुतेक पॉइंटर चुकलाय किंवा कोणी डी क्वेर्व्हेनचा एम६५.४ टाकून २६०५५ बिल केलंय, त्याची सर्जरी वेगळी आहे, २५०००. सीओ-४ म्हणजे मॉडिफायर चुकला किंवा राहिला, आधी एफए-एफ५ तपासा. सीओ-९७ आलं तर ग्लोबलमध्ये अडकलात, ७९ राहिला असेल.

आपल्याकडे

भारतात हॉस्पिटलच्या क्लेम फॉर्मवर, आयआरडीएआय म्हणजे विमा नियामक, त्याच्या फॉर्मचा भाग बी जो हॉस्पिटल भरतं, त्यात प्रायमरी डायग्नोसिसपुढे आयसीडी-१० कोडचा रकाना असतो. डब्ल्यूएचओच्या आयसीडी-१० मध्ये ट्रिगर फिंगर, अंगठ्यासकट, एम६५.३ एवढाच. सीएमचे सहा कॅरॅक्टर ही अमेरिकेची वाढवलेली आवृत्ती आहे. त्यामुळे आपल्या इथल्या कोडमध्ये अंगठा नाही की बाजू नाही, सगळं शब्दांत लिहावं लागतं. डिस्चार्ज समरीत नुसतं ट्रिगर फिंगर रिलीज असेल तर डॉक्टरांकडे जा आणि उजव्या हाताचा अंगठा, कधीपासून त्रास, आधी काय उपचार केले, एवढं लिहून घ्या. टीपीएची, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेची, क्वेरी येऊन पेशंटचे नातेवाईक काउंटरवर ताटकळण्यापेक्षा ती दोन मिनिटं बरी.

आईचं सांगायचं राहिलं. एका इंजेक्शनवर भागलं. तिच्या पेपरवर डॉक्टरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, उजवा अंगठा, ए-वन पुली, आणि खाली तारीख. तो कागद मी फाइलमध्ये जपून ठेवलाय, परत अडकला तर पुढच्या डॉक्टरांना दाखवायला लागेल.